सेलूकर बाई आणि तळातली राखाडी ओळ

राखाडी अक्षर दिसलं की माझं डोकं आजही फिरतं. पांढऱ्या पानावर फिकट राखाडी, त्यात केसासारखं बारीक. ज्यानं कुणी ही फॅशन काढली त्याला मे महिन्यात भर दुपारी क्रांती चौकात उभं करावं, हातात स्वस्तातला मोबाइल द्यावा आणि म्हणावं, वाच आता. हे बोलणं माझं नाही, सेलूकर बाईंचं आहे. बाई हे अगदी हळू आवाजात बोलायच्या. मला तसं हळू बोलणं जमत नाही, कारण एक ओळ वाचली गेली नाही आणि तिच्यापायी जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ती ओळ कुणी बारीक केली, तेही सांगणारच आहे.

उषा सेलूकर आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. त्याआधी वीसेक वर्षं त्यांनी गुलमंडीजवळच्या एका छापखान्यात काढलेली. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, शाळेची प्रगतिपुस्तकं, सगळ्याचा मजकूर जुळवलेला. वडील सेलूला तहसिलात कारकून होते. "आमच्या घरात ना जमीन ना सोनं. एक अक्षर तेवढं होतं," असं त्या म्हणायच्या, आणि त्यांचं अक्षर खरंच बघत राहावं असं होतं. छापखाना बंद पडला आणि दिलीप सरांनी त्यांना आमच्याकडं घेतलं.

दिलीप सर आमचे मालक. निराला बाजारात मिठाईच्या दुकानावर आमच्या तीन खोल्या. खालून सारखा तळणाचा वास यायचा. आम्ही छोट्या धंदेवाल्यांच्या वेबसाइट बनवायचो. साड्यांची दुकानं, दातांचे दवाखाने, मंगल कार्यालयं, क्लासेस. शहर तेव्हा औरंगाबाद होतं आणि चहूबाजूंनी सुटलं होतं. सातारा परिसर, देवळाई, बीड बायपास, जिकडं बघावं तिकडं बिल्डरचे फलक. आणि पाऊस म्हणाल तर सलग दुसरं वर्ष कोरडं. आठ-आठ दिवस नळ नाही, गल्लीत टँकरमागं हंडे घेऊन बायका पळतायत, आणि आम्ही वर बसून बिल्डरच्या साइटवर निळ्याशार स्विमिंग पुलाचे फोटो चढवतोय. लाज कशी वाटली नाही, काय माहीत. पगार वेळेवर होत होता, हेच खरं कारण असावं. मी वैजापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. नाव संतोष. पानं बांधायची, ती लोकांसाठी उघडी करायची, हे माझं काम. पानावरचा मजकूर नीट बसवायचा, हे बाईंचं.

बाई मजकूर कधी स्क्रीनला नाक लावून बघत नसत. खुर्ची मागं सरकवायची, भिंतीला टेकवायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि पान लांबून बघायचं. "काहीच वाचता येत नसताना डोळा कुठं जातो ते बघतेय," म्हणायच्या. दवाखान्याच्या पानावर डोळा डॉक्टरच्या फोटोकडं गेला की त्या वैतागायच्या. दात दुखणाऱ्या माणसाला फोन नंबर पाहिजे, तो कुठं घातलात? मग पुढं येऊन सगळा मजकूर मोठ्यानं वाचायच्या आणि जिथं दम लागेल तिथं परिच्छेद तोडायच्या. आम्हाला कानात बोटं घालावीशी वाटायची. पण ओळ किती लांब ठेवावी, दोन ओळींत किती जागा सोडावी, हे मला जे काही कळतं ते त्या वाचण्यातून कळलंय.

एकदा एक साडीवाले शेठ आले. त्यांना पानावर सात तऱ्हेची अक्षरं पाहिजे होती. नाव वेलबुट्टीचं, भाव जाडे, पत्ता तिरका, सणाची सूट लाल आणि वळणदार. दिलीप सर मान डोलवत होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेठ, तुमच्या दुकानात आलेल्या बाईला एकावर एक सात साड्या नेसवाल का?" शेठ हसले. म्हणाले, "बरं, किती नेसवू मग?" "मथळ्याला एक, बाकी सगळ्याला एक. ठळक करायचं तर त्यातलंच जाड घेऊ." शेठ दोनवर आले आणि पुढं वर्षभर लोकांना सांगत फिरले की ही आयडिया आपलीच.

पण सगळे शेठसारखे नव्हते. दिलीप सरांनी पुण्याहून एक डिझायनर आणला. आठवड्यातून दोन दिवस यायचा, आल्या आल्या एसी वाढवायचा. त्यानं एका मंगल कार्यालयाच्या पानावर मथळ्याची अक्षरं एकमेकांपासून लांब लांब ठेवली, इंग्रजीत ठेवतात तशी. मराठीत वरची शिरोरेषा अक्षरांना धरून ठेवते. ती जागोजाग तुटली आणि शब्दाचे तुकडे झाले. बाई बराच वेळ बघत बसल्या. म्हणाल्या, "ही कुणी कापली?"

"कापली नाही, अक्षरांना श्वास घ्यायला जागा दिलीय," तो म्हणाला.

"श्वास अक्षराला नाही लागत हो. वाचणाऱ्याला लागतो. जागा द्यायचीच असेल तर दोन ओळींच्या मधे द्या. तिथं तुमच्या खालच्या ओळीतल्या मात्रा वरच्या ओळीच्या उकारांत घुसल्यात."

तो माझ्याकडं बघून हसला. आणि मी, हे सांगताना आता माझाच मला संताप येतो, मीही हसलो. ऑफिसात बाईंच्या चष्म्यावर विनोद चालायचे. म्हातारीला दिसत नाही म्हणून सगळ्या गावाला मोठं अक्षर पाहिजे, असं दिलीप सर म्हणायचे. बाईंना ऐकू यायचं. त्या डब्यातली पोळी मोडत राहायच्या.

त्यांची एक रीत मात्र कुणालाच हसून मोडता आली नाही. पान तयार झालं तरी बाई ते लगेच पास करायच्या नाहीत. ऑफिसातला सगळ्यात जुना मोबाइल घ्यायच्या, डोक्यावर पदर घ्यायच्या आणि खाली रिक्षा स्टँडवर उन्हात जाऊन उभ्या राहायच्या. पन्नाशीच्या पुढचा माणूस गाठायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ, एवढं वाचून दाखवता का?" माणूस अडखळला, मोबाइल लांब धरला, सावलीकडं वळला, की बाई वर. आकार वाढवा, रंग गडद करा. एका म्हाताऱ्यानं त्यांना विचारलं, "शाळेत गेला नाय का बाई तुम्ही?" बाई म्हणाल्या, "नाय ना. वाचा तुम्ही." आणि त्यानं बिचाऱ्यानं दातांच्या दवाखान्याच्या वेळा वारापासून सगळ्या वाचून दाखवल्या. चाचा म्हणून एक रिक्षावाले होते, ते तर बाई दिसल्या की स्वतःच हात पुढं करायचे. एकदा त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत दिला आणि म्हणाले, "नक्को अम्मा, ये कागज पढने का नै है, सिर्फ देखने का है." बाईंना ते इतकं पटलं की त्यांनी ते वर येऊन दिलीप सरांना जसंच्या तसं सांगितलं.

आता ती ओळ.

आप्पा हे पाचोडकडचे मोठे शेतकरी. चितेगावला त्यांनी पशुखाद्याचा छोटा कारखाना टाकला होता. दुष्काळात हिरवा चारा कुठला, नुसता वाळला कडबा, तोही मिळाला तर. अशा वेळी जनावरापुढं चाटण वीट ठेवतात. युरिया, उसाची मळी, मीठ आणि खनिजं दाबून केलेली वीट. गाय दिवसभर थोडी थोडी चाटते आणि वाळला चाराही तिच्या अंगी लागतो. चांगली गोष्ट आहे. पण हीच वीट फोडून पाण्यात कालवली आणि जनावरानं एकदम पिली, तर ते विष. तासाभरात गाय आडवी.

बाईंनी कारखान्याच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला, अर्धा तास प्रश्न विचारले आणि मजकूर बसवला. पानाच्या अगदी वर, काळ्या ठळक अक्षरात, भोवती मोकळी जागा सोडून तीन वाक्यं. वीट फक्त चाटायला ठेवा. फोडून पाण्यात देऊ नका. जनावर मरेल.

आप्पा पान बघायला आले आणि लालबुंद झाले. "बाई, तुम्ही माझा माल विकताय का लोकांना मातीला बोलावताय? पहिल्याच ओळीत मरेल?"

"पहिल्या ओळीत नाही लिहिलं तर वाचणार कोण आप्पा? पाणी पाजायला तरसलेला माणूस हमखास पाण्यात कालवणार. मला तर तेच सुचलं असतं."

"सौम्य करा बाई," दिलीप सर म्हणाले.

"सौम्य केलं तर कळणार नाही," बाई म्हणाल्या, आणि डबा उघडून बसल्या.

त्याच आठवड्यात बाईंच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि त्या आठ दिवस सेलूला गेल्या. दुसऱ्या दिवशी दिलीप सर माझ्या टेबलाशी आले. डिझायनरनं नवं पान पाठवलं होतं. वर हिरव्यागार कुरणात चरणारी तुकतुकीत गाय. तसं कुरण आमच्या भागात दोन वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. आणि सगळ्यात खाली, पत्त्याच्याही खाली, एक ओळ. सदर उत्पादनाचा द्रावण स्वरूपात वापर टाळावा. सर म्हणाले, "हे चढव." मी चढवलं. अठराचं अक्षर अकरावर आणलं, काळ्याचं राखाडी केलं. पंधरा मिनिटांचं काम. माझा बाप जनावरं पाळतो. गाभण गाय दुष्काळात कशी जपतात ते मी लहानपणापासून बघितलंय. मला सगळं कळत होतं, तरी मी चढवलं.

बाई आल्या, पान बघितलं. "कुणी केलं हे?"

"सरांनी सांगितलं," मी म्हणालो.

"सांगितलं कुणी ते नाही विचारलं रे."

त्या पदर घेऊन खाली गेल्या. तिघांना वाचायला लावलं. दोघं तळापर्यंत पोचलेच नाहीत. तिसरा पोचला आणि अंगठ्यानं काच पुसायला लागला. त्याला वाटलं, धूळ बसलीय. बाईंनी वर येऊन हे दिलीप सरांना सांगितलं, डिझायनरला सांगितलं, आप्पांना फोन करून सांगितलं. रोज सकाळी त्या पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या, आप्पांची तळातली ओळ. दुपारी सर ते पुसायचे. महिनाभर हे चाललं. चालू पान बदलायचा पासवर्ड बाईंकडं नव्हता, माझ्याकडं होता. एकदा माझ्या शेजारी खुर्ची ओढून त्या म्हणाल्या, "संतोष, तुझ्या हातातली गोष्ट आहे बाळा. करून टाक. कुणी विचारलं तर माझं नाव सांग." मी म्हणालो, सरांना विचारून करतो. मी विचारलंच नाही. भीती कसली होती म्हणाल तर सांगता येत नाही. चार शब्द ऐकून घ्यावे लागले असते, एवढंच.

पाचोडच्या पुढं एका खेड्यात गयाबाई राहते. नवरा वाळूजला कंपनीत, घरी ती, नववीतली मुलगी आणि दोन गायी. एक दुभती, एक गाभण. पाचोडच्या आठवडी बाजारातून तिनं दोन विटा आणल्या. गायी मलूल झालेल्या, वीट पुढं ठेवली तर हुंगून मान फिरवायच्या. मुलीनं मोबाइलवर आप्पांचं पान उघडून मोठ्यानं वाचून दाखवलं. ताकद वाढते, दूध वाढतं, जनावर तजेलदार होतं. तळातलं काही तिला दिसलं नाही. गयाबाईनं डोकं चालवलं. टँकरचं पाणी आलेलंच होतं. चाटत नाहीत तर निदान पाण्यातून तरी पोटात जाईल म्हणून तिनं वीट वरवंट्यानं फोडली आणि दोन बादल्यांत कालवली. तहानलेल्या गायी घटाघटा प्यायल्या. डॉक्टर येईपर्यंत दोन्ही गेल्या होत्या, गाभण गाय आधी.

चौथ्या दिवशी गयाबाई भावाला घेऊन चितेगावला आली, पिशवीत विटेचे तुकडे घेऊन. आप्पांनी आम्हालाही बोलावून घेतलं. दिलीप सर, बाई आणि मी गेलो. थंडगार केबिन, भिंतीवर टीव्हीएवढा स्क्रीन. आप्पांनी पान खाली सरकवलं, ती ओळ आणली आणि मोठी करत करत विटेएवढी केली. "वाच. लिहिलंय का नाय?"

"मला वाचता येत नाय दादा," गयाबाई म्हणाली. "पोरीनं वाचलं. पोरगी तीन दिस झाले जेवली नाय. म्हणती, म्याच नीट वाचलं नाय म्हणून गाया मेल्या."

"मग झालं तर. पोरीची चूक," आप्पा म्हणाले. समोर एक कागद टाइप करून ठेवला होता. इशारा साइटवर स्पष्टपणे दिलेला होता, ग्राहकानं तो वाचला नाही, तक्रार नाही. खाली गयाबाईच्या अंगठ्याला आणि साक्षीदाराच्या सहीला जागा. त्यांनी कागद बाईंपुढं सरकवला. "ह्या छापखान्यातल्या बाई आहेत. त्यांना लिहिण्यातलं कळतं. सांगा बाई, ओळ होती का नव्हती?"

बाईंनी चष्मा काढला. पदरानं एक काच पुसली, दुसरी पुसली. उजेडाकडं धरून बघितला, परत पुसला. सगळे त्यांच्याकडं बघत होते. मी पायाखालच्या फरशीकडं बघत होतो. बाईंनी चष्मा घातला.

"ओळ होती," त्या म्हणाल्या. "आधी वर होती, मोठी, काळी. मग ती खाली नेली, बारीक केली, राखाडी केली. मी केली. कुणी वाचू नये अशी केली. ह्या बाईच्या पोरीनं चूक केलेली नाही."

दिलीप सर उठून उभे राहिले. बाईंनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हेच सगळं लिहून काढलं. खाली सही केली, कागद गयाबाईच्या भावाकडं दिला. आप्पा ओढून घ्यायला गेले, पण भावानं घडी घालून खिशात टाकला होता.

आप्पांनी पुढं गयाबाईला एक गाय दिली, कारण तो कागद गावभर फिरला. दिली ती दिली, वर हार घालून फोटो काढला आणि साइटवर लावायला पाठवला. माणुसकीचा हात, असा मथळा. तोही मीच चढवला. बाईंची नोकरी मात्र केबिनच्या दारातच गेली. सरांनी मला सांगितलं, यांचा लॉगिन आजच बंद कर. तोही मी केला. माझ्यासारखी माणसं कधी नाही म्हणत नाहीत, म्हणून ही असली पानं चालतात.

त्या दिवशी सर गाडी काढायला गेले तेव्हा मी कारखान्याच्या गेटबाहेर आलो. पाचोडकडं जाणारी काळी-पिवळी जीप भरत होती. गयाबाई आत बसलेली, भाऊ टपाला धरून, आणि बाई चढायच्या बेतात.

"बाई, तुम्ही कुठं तिकडं?"

"त्या पोरीकडं. तिची चूक नाही हे कागदावरून नाही पटायचं तिला. समोर बसून सांगावं लागेल."

मी जवळ गेलो. मला खरंतर रडायला येत होतं, पण आवाज निघाला तो भांडल्यासारखा. "ती ओळ मी बदलली होती. तुम्हाला माहीत होतं. मग तुम्ही अंगावर का घेतलं?"

बाईंनी एक पाय पायरीवर ठेवला. आवाज नेहमीसारखाच हळू.

"मी थांबले होते की रे. चष्मा दोनदा पुसला. तू बोलशील म्हणून."

ड्रायव्हरनं मागचं दार लावलं. गाडी हलली. आत बाई गयाबाईच्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेत होत्या.